वाढत्या अंगाचा फ्रॉक

१

नाचणीचं सत्त्व बाळाला कधीपासून द्यावं, एवढंच मला बघायचं होतं.

सासूबाईंना फोन केला असता तर उत्तर एका वाक्यात मिळालं असतं. पण त्या वाक्यामागून अकोल्याहून आणखी वीस वाक्यं निघाली असती आणि त्यातलं निदान एक तरी मला लागलं असतं. म्हणून शिकलेल्या आया जे करतात ते मी केलं. सृष्टीला मांडीवर घेतलं, लॅपटॉप उघडला आणि 'चिमणपावलं' नावाच्या साइटवर गेले.

आधी कुकीजची परवानगी. मग 'आम्ही तुम्हाला सूचना पाठवू का?' मग ईमेल मागणारी चौकट, तिच्यावर एकही दात नसलेलं, हसणारं परदेशी बाळ. ती बंद केली तर खालून एक पट्टी वर सरकली. नाचणीचा परिच्छेद दिसतो न दिसतो तोच पान एकदम घसरलं आणि माझं बोट डायपरवर पडलं. डायपरचं दुकान उघडलं. मागे आले. पुन्हा कुकीज.

खरं तर मला या सगळ्याचा राग यायला नको. माझं पोट यावरच चालतं. बाणेरच्या एका कंपनीसाठी मी घरून अर्धवेळ काम करते. अशा साइट्सच्या चौकटींमधला मराठी मजकूर लिहिते. 'हो, मला माझ्या बाळाची काळजी आहे' हे हिरवं, ठसठशीत बटण. त्याच्या खाली, फिकट राखाडीत, 'नको, मला रस नाही.' दोन्ही वाक्यं माझी. बंद करायची फुली किती बारीक असावी, किती उशिरा दिसावी, यावर आमच्याकडे मीटिंगा होतात. डिझाइनवाली पोरं तिला 'लाजाळू' म्हणतात. बोट जवळ नेलं की मिटते.

त्या दुपारी पानाच्या उजव्या कोपऱ्यात एक छोटी जाहिरात आली. पिवळा फ्रॉक. पाठीवर बटणं, गळ्याला पांढरी किनार. पान खाली नेलं की जाहिरातही खाली यायची, वर नेलं की वर. मी लाजाळू शोधत अगदी जवळ वाकले, तेव्हा फ्रॉकखालची ओळ वाचता आली.

'मूगची निवड अजून कार्टमध्ये आहे.'

सृष्टी त्या कोपऱ्याकडे बघून हसली. मी लॅपटॉप मिटला. नाचणीचं राहूनच गेलं.

२

मूग म्हणजे आमचं पहिलं बाळ. जे झालं नाही.

दिवस गेल्याचं कळलं तेव्हा मी याच साइटवर नाव नोंदवलं होतं. 'बाळाचं लाडाचं नाव' या रकान्यावर लाल तारा होता. तो भरल्याशिवाय पान पुढे जाईना. वरच लिहिलं होतं की या आठवड्यात तुमचं बाळ मुगाच्या दाण्याएवढं आहे. मी 'मूग' लिहिलं. मग ते नाव घरालाच चिकटलं. धम्मदीप कचेरीतून आला की दारात चपला काढता काढता विचारायचा, "मूग काय म्हणतेय?"

आमच्याकडे बाळ यायच्या आधी त्याच्यासाठी नवं काही घेत नाहीत. सासूबाई दर रविवारी विहारात जाणाऱ्या, नवस आणि दृष्ट काढणं यांना तोंडावर हसणाऱ्या. तरी बाळाचं पहिलं आंगडं मात्र जुनंच हवं, कुठल्यातरी धडधाकट पोरानं घालून घालून मऊ केलेलं. "अंधश्रद्धा नाई वं ते," त्या म्हणायच्या. "नवं कापड टोचते लेकराले."

मीही घेतलं नाही. फक्त कार्टमध्ये टाकलं. पैसे भरले नाहीत म्हणजे घेतलं नाही, असा माझा युक्तिवाद. पिवळा फ्रॉक, दोन-तीन वर्षांच्या मापाचा. मुलगा झाला तरी घालू घरात, कोण बघतंय. धम्मदीप म्हणाला, "अगं, मुगाएवढी आहे ती अजून."

"वाढत्या अंगाचा असलेला बरा," मी म्हटलं. माझ्या आईचं वाक्य. माझं अख्खं लहानपण वाढत्या अंगाच्या कपड्यांत गेलं. अंग पोचेपर्यंत कापड विरायचं.

पाचवा महिना सरता सरता सगळं थांबलं. मुलगा की मुलगी ते कोणी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. घरी आल्यावर मी ते खातं परत उघडलं नाही. मूग हा शब्दही घरात कोणी काढेना. खिचडी तुरीची व्हायला लागली, आणि ती का, हेही कोणी विचारलं नाही.

मग सृष्टी झाली. तिच्यासाठी मी कुठेच नाव नोंदवलं नाही. फोन नवा, ईमेल नवा.

तरी त्या जाहिरातीला मी कशी सापडले याचं कारण मला ठाऊक आहे. त्याचाच तर पगार मिळतो. माणूस बदलत नाही, फक्त फोन बदलतो, आणि साइट माणसाला ओळखते. शिवाय बाळ गेलं हे साइटला कोणी कळवत नाही. तिला एकदा तारीख दिली की ती पुढे मोजत राहते. तिच्या लेखी मूग जन्मली, पालथी पडली, रांगली, चालली, आता बालवाडीत जाण्याजोगी झाली.

साऱ्या जगात तेवढी एकच जागा होती जिथे मूग वाढत होती. हे मनात आलं आणि मी स्वतःलाच म्हटलं, कल्याणी, जाहिरात आहे ती. कपडे वाळत घाल.

३

पुढच्या आठवड्यात आवाज सुरू झाला.

आमचं घर वारज्यात, हायवेपासून थोडं आत. दुपारी सृष्टी झोपली की घरात तीनच आवाज राहतात: हायवेची एकसुरी घरघर, फ्रिज, आणि माझं टायपिंग. त्यात एका दुपारी चौथा आला. पीप. पीप. पीप-पीप-पीप.

लहान मुलांचे ते बूट असतात ना, पाऊल टाकलं की टाचेतून शिटी वाजणारे. ज्यांची मुलं घालतात त्यांना सोडून सगळ्यांना वैताग आणणारे. कुठल्यातरी टॅबमध्ये कसलासा व्हिडिओ आपोआप सुरू झाला असणार. अशा वेळी ब्राउझर त्या टॅबवर छोटा कर्णा दाखवतो. मी सगळे टॅब तपासले. कर्णा कुठेच नव्हता. एकेक टॅब बंद केला. पीप-पीप, हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग वळून परत. आवाज बंद करायचं बटण दाबलं. तरी चालूच. शेवटी लॅपटॉप मिटला.

थांबला.

म्हणजे लॅपटॉपमधूनच येत होता. मला इतकं हायसं वाटलं की मी उठून चहा टाकला. चहा उकळेपर्यंत लक्षात आलं की लॅपटॉपमधला आवाज हॉलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन वळत नाही. मग मी स्वतःला सांगितलं की हल्ली स्पीकर फार चांगले येतात.

संध्याकाळी सृष्टीला कडेवर घेऊन खाली निघाले तर खालच्या मजल्यावरच्या सुशीलाकाकू दारातच उभ्या होत्या.

"आपल्याकडे दुपारी शर्यती असतात का?" त्यांनी विचारलं.

"का हो काकू?"

"काही नाही. एक ते चार आम्ही जरा पडतो. आपल्या मोठीला सांगा, धावायचंच असेल तर चारनंतर खुशाल धावावं. आणि ते बूट तेवढे काढून ठेवत जा. मला शिट्यांची हौस नाही."

"काकू, आम्हाला मोठी नाहीये. ही एकच. रांगते अजून."

काकूंनी सृष्टीच्या उघड्या पावलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग रांगताना बूट घालू नका."

४

खोटं कशाला बोलू, त्यानंतर मी ती साइट मुद्दाम उघडायला लागले. सृष्टी झोपली की आधी कुकीज, मग सूचना, मग बिनदाताचं बाळ, एकेक बाजूला सारत कोपऱ्यापर्यंत जायचं. बघण्यासारखं काही नसायचं. फ्रॉक असायचा.

एके दिवशी फ्रॉकमध्ये मुलगी होती.

पाठमोरी. कुरळे केस, मानेवर घामाने चिकटलेले. सृष्टीचे केस माझ्यासारखे सरळ आहेत; घरात कुरळे एकट्या धम्मदीपचे. आता कुरळ्या केसांची मुलगी ही काही नवलाची गोष्ट नाही. पण मी मजकुराची बाई आहे, फोटो तपासायची सवय आहे, आणि त्या फोटोत चुका होत्या. फ्रॉक नवा नव्हता. धुऊन धुऊन पिवळा फिका पडला होता, किनार मऊ झाली होती. विकायचा फ्रॉक असा कोण दाखवतं? पाठीवरची बटणं पांढरी, आणि तिसरं हिरवं. गेलेल्या बटणाच्या जागी हाताला येईल ते लावलेलं. तेही काळ्या दोऱ्याने. आणि दोऱ्याची गाठ बाहेरून.

मला आतून गाठ मारता येत नाही. कधीच आली नाही. माझी आई म्हणायची, तुझं शिवण उलटं घातल्यासारखं दिसतं.

त्या मुलीसमोर भिंत होती. फिकट आकाशी. भिंतीवर स्विचबोर्ड, त्यातल्या एका बटणावर चिकटपट्टी. बोर्डाच्या खाली, साधारण तिच्या खांद्याच्या उंचीला, तेलकट खडूच्या लाल रेघोट्या, गोल गोल, खूप.

मी मान वर केली. समोर आमची आकाशी भिंत. स्विचबोर्ड, चिकटपट्टी. खाली भिंत कोरी.

तसली हिरवी बटणं माझ्या हिरव्या कुर्त्याला आहेत; कपाट उघडून तो काढला. बटणं सगळी जागच्या जागी. मी एकटीच जोरात हसले, त्याने सृष्टी जागी झाली.

संध्याकाळी धम्मदीपला दाखवायचं ठरवलं. दाखवताना मुलगी नव्हती, नुसता नवाकोरा फ्रॉक होता. भिंत नव्हती.

"फ्रॉक आहे," तो म्हणाला.

"खाली वाच."

त्याने वाचलं. मूगची निवड अजून कार्टमध्ये आहे. तो उठून बेसिनपाशी गेला. हात धुवायला लागतो त्याहून बराच जास्त वेळ नळ चालू होता.

"बंद करून टाक ते खातं," तो तिथूनच म्हणाला. "उगाच तुला त्रास."

"तुला नाही होत?"

"मी कुठे वेबसाइटी बघतो." टॉवेल दांडीवर घालायला त्याला वेळ लागला. मग पाठमोराच म्हणाला, "पिवळा छान दिसला असता गं."

५

खातं मी बंद केलं नाही. आज करते, उद्या करते. तसंही कोपऱ्यात पडून होती बिचारी, तिचा मला काय त्रास होता?

मग ती दुपार आली. सृष्टी हॉलमध्ये सतरंजीवर झोपली होती, चहूबाजूंनी उशा. टेबलावर लॅपटॉप उघडा. मी स्वयंपाकघरात कुकर लावत होते. बूट वाजायला लागले. आता मला त्याची इतकी सवय झाली होती की मी कणीक भिजवायला घेतली.

पण आवाज नेहमीसारखा नव्हता. नेहमी या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. आज एकाच जागी उड्या मारल्यासारखा. पीप पीप पीप पीप, न थांबता, जोरात, मग अजून जोरात. खाली काकू उठल्या असणार. मी कणकेच्या हातांनी वैतागून बाहेर आले, लॅपटॉप आपटून मिटायला.

सृष्टी उशा ओलांडून भिंतीपाशी गेली होती. बोर्डाच्या खाली बसली होती. तोंड उघडं, डोळे मोठे, चेहरा लालबुंद. आवाज येत नव्हता.

मी तिला हातावर पालथी घातली, पाठीवर थापट्या मारल्या, पुन्हा मारल्या. काहीतरी जमिनीवर पडून टणटणत गेलं. मग सृष्टी रडली. ते रडणं ऐकून मी जी मटकन बसले ती कुकरच्या शिट्या होऊन गेल्या तरी उठले नाही. तिच्या अंगभर कणीक लागली होती. मी तिचं डोकं हुंगत होते आणि सॉरी सॉरी म्हणत होते. कोणाला ते सांगता येणार नाही.

बूट थांबले होते. लॅपटॉप उघडाच होता.

जमिनीवर पडलेलं ते हिरवं बटण होतं.

कपाट उघडलं. कुर्त्याची बटणं सगळी जागच्या जागी.

"कुर्त्याबरोबर एक जादा बटण येतं की," धम्मदीप रात्री म्हणाला. त्याचा हात सृष्टीच्या पाठीवरून निघत नव्हता. "आत शिवलेलं असतं नाहीतर पुडीत. पडलं असेल झाडताना."

येतं, जादा बटण येतं. मला पटलं. पण दुपारपासून दोनच प्रश्न डोक्यात फिरत होते. ते बटण सृष्टीच्या हाती कोणी दिलं? आणि मला बाहेर कोणी बोलावलं? ही दोन वेगळी माणसं असावीत असं मला फार वाटत होतं. आणि एकच असेल, तर लहान पोर आहे, धाकटीला खेळायला काहीतरी द्यावं म्हणून दिलं असेल, आणि मग घाबरली असेल.

असा विचार मी केला, आणि त्या विचाराचीच मला भीती वाटली. जी एक माझ्याजवळ आहे, श्वास घेतेय, तिला मी दुसरीच्या भरवशावर ठेवायला निघाले होते.

६

दुसऱ्या दिवशी सृष्टीला पोटाशी बांधूनच मी लॅपटॉप उघडला. दुपट्याची झोळी करून, गाठ खांद्यावर. जुन्या ईमेलने त्या खात्यात शिरले.

खातं बंद करायचं बटण कुठे लपवतात ते मला माहीत आहे. सेटिंग, मग गोपनीयता, मग एक पान ज्यावर फक्त तुमचे फायदे लिहिलेले असतात, मग त्याच्या तळाशी. कोपऱ्यात ती होती. पाठमोरी, भिंतीकडे तोंड. लाल रेघोट्या वाढल्या होत्या. तिच्या फ्रॉकचं तिसरं बटण नव्हतं. काळा दोरा लोंबत होता.

शेवटची चौकट उघडली.

'मूगला निरोप द्यायचा?'

खाली मोठं हिरवं बटण: 'नाही, मूग आमच्याबरोबर राहू दे.' त्याच्या खाली राखाडीत, डोळे ताणल्याशिवाय दिसू नये असं: 'हो, मला मूग नको.'

ही वाक्यं मीच लिहिली होती, कधीतरी, एका कामाच्या गठ्ठ्यात. 'हो, मला अमुक नको.' त्या जागी साइट नाव भरते. मी लिहिलं तेव्हा ती जागा रिकामी होती.

मी बोट हिरव्यावर नेलं. तिथून काढलं. राखाडीवर नेलं. सृष्टी झोळीत चुळबुळ करायला लागली, हात बाहेर काढून पडद्याच्या कोपऱ्याकडे नेऊ लागली. मी कोपऱ्यात पाहिलं.

मुलगी वळत होती.

व्हिडिओ नव्हता तो. फोटोच होता, आणि फोटोतली मान हळूहळू फिरत होती, कोणी मागून हाक मारल्यावर फिरते तशी. आधी कान दिसला. मग कानामागची बट. मग गालाची कड. गाल गुबगुबीत होता, त्यावर लाल खडू लागलेला. सृष्टी हसली, पोटात माझ्या तिचं हसू हललं.

मी घाबरले. पुढचा चेहरा कसा असेल याला नाही. तो दिसल्यावर मला ते बटण कधीच दाबता येणार नाही, याला घाबरले.

राखाडीवर दाबलं.

पान पांढरं झालं. 'तुमची विनंती नोंदवली आहे.' कोपरा रिकामा.

गाल दिसला होता. गालाच्या पुढचं बघायचं राहिलं.

७

त्यानंतर काही नाही. कधी नव्हे ते नाचणीचं पान सरळ उघडलं, मधे कोणी आडवं आलं नाही. सहा महिन्यांनंतर द्यावं, असं लिहिलं होतं. मी एव्हाना न वाचताच द्यायला लागले होते.

दुपारी हायवे, फ्रिज, टायपिंग. मी मधेच टायपिंग थांबवून कान द्यायचे. सृष्टी रांगत लॅपटॉपपाशी यायची, टेबलाला धरून उभं राहायला शिकली ती तशीच. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यावर हात आपटायची. थांबायची. माझ्याकडे बघायची.

"नाही ना गं," मी म्हणायचे. "बंद झालं ते."

एकदा जिन्यात सुशीलाकाकू भेटल्या. हातात मंडईतून आणलेल्या भाजीची पिशवी. त्या मला टाळून पुढे जातील असं वाटलं, पण थांबल्या.

"हल्ली अगदी शांत असतं आपल्याकडे," त्या म्हणाल्या.

"हो काकू."

"बरं आहे ना मोठीचं?"

चेष्टेचा मागमूस नव्हता. खरंच विचारत होत्या. मी तोंड उघडलं ते आम्हाला मोठी नाहीये म्हणायला.

"गावाला गेलीय," मी म्हटलं.

"असं. करमत नसेल तुम्हाला." त्यांनी पिशवीतून एक पेरू काढून सृष्टीच्या हातात दिला. तिला दात दोनच आहेत. वर येऊन दार लावलं आणि पेरू धुतला. तो बराच वेळ धूत राहिले. मग नळ बंद केला.

८

थंडी पडायला लागली तशा सासूबाई आल्या. आल्या दिवशी सृष्टीचे पाय चाचपून म्हणाल्या, "गार हायेत लेकराचे पाय. ते गाठोडं कुठी आहे वं?"

गाठोडं म्हणजे सृष्टीच्या वेळी त्यांनी अकोल्याहून आणलेले जुने कपडे. नणंदेच्या मुलांचे, शेजारच्यांचे, विहारातल्या कोणाकोणाचे. त्यातलं लहान मापाचं आम्ही वापरलं होतं, उरलेलं तसंच दिवाणात होतं. मी काढून दिलं. त्या सतरंजीवर पाय पसरून बसल्या आणि एकेक कपडा झटकून बघू लागल्या. स्वेटर. टोपडं. दुसरा स्वेटर, कोपराला उसवलेला.

मग पिवळा फ्रॉक.

मी दारातच उभी होते.

"हा कोणाचा?" मी विचारलं.

"असंन कोणाचा तरी. चार घरचे कपडे हायेत." त्यांनी तो हातावर पसरला, गळ्याची किनार चिमटीत धरून पाहिली. धुऊन धुऊन मऊ झालेली. "पण चांगला वापरलेला हाय हो. कोण्या पोरीनं मनसोक्त घातलेला दिसते. काठ कसा झिजला आहे घेराचा, बस-ऊठ करून करून." त्यांनी फ्रॉक पालथा केला. "एक बटण गेलं तेवढं. लावून टाक. पुढच्या-त्याच्या पुढच्या वर्षी येईन हिले."

तिसरं गेलं होतं. त्या जागी काळ्या दोऱ्याचं एक टोक होतं.

जेवणं झाल्यावर सासूबाई आतल्या खोलीत आडव्या झाल्या. मी सुईदोरा घेऊन दिवाणावर बसले. घरात दोरा काळाच होता. बटण शोधावं लागलं नाही. फळीवर, बुद्धाच्या मूर्तीशेजारच्या वाटीत ते हिरवं मी त्या दिवसापासून ठेवलं होतं. सृष्टीचा हात पोचणार नाही एवढ्या उंचावर, आणि टाकवतही नव्हतं म्हणून.

लावलं. दोरा वळवला, गाठ मारली, दाताने तोडला. मग फ्रॉक समोर धरला.

पांढरी बटणं, तिसरं हिरवं. काळा दोरा. गाठ बाहेरून.

मी तो फोटो पाहिला तेव्हा हे बटण मी अजून लावलं नव्हतं. एवढं मला कळलं. याच्या पुढे विचार करायला गेले तर तो पान घसरतं तसा घसरला, आणि मी तो परत वर आणला नाही. सासूबाईंचं वाक्य तेवढं मनात धरून बसले. मनसोक्त घातलेला दिसते. मी कार्टमध्ये ठेवला, पैसे भरले नाहीत, आणि तरी तो कोणीतरी घातला, मळवला, त्यात बसली, उठली, पळाली. अंग पोचलं. आता आखूड झाला असेल, म्हणून धाकटीला दिला.

मोठीचे कपडे धाकटीला येतात, त्यात काय.

सृष्टी जागी झाली होती. मी तिला तिच्या कपड्यांवरूनच तो फ्रॉक घातला. पाय दिसेनात, हात बाह्यांत हरवले. ती त्या पिवळ्यात बसून स्वतःकडे बघत राहिली. मी तिला मांडीवर घेतलं. हायवे घरघरत होता. आत सासूबाई संथ घोरत होत्या. लॅपटॉप बंद होता, झाकण मिटलेलं, प्लग काढलेला.

खालून छताला ठोके पडले. ठक. ठक. ठक. काकूंच्या झाडूचा दांडा. एक ते चार.

मी हललेसुद्धा नव्हते. सृष्टी माझ्या मांडीत होती, तिचे दोन्ही पाय माझ्या मुठीत.

सृष्टीने मान वळवली. बोर्डाच्या खाली, भिंतीकडे. मग तिची नजर हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, वळली, आणि परत आली. ती हसली.

मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी भिंतीकडे पाहिलं नाही. या वेळी घाई नव्हती. वळायचं असेल तेव्हा वळेल. नुसतं सृष्टीच्या डोक्यावर हनुवटी टेकवली आणि कुठलीही आई दुपारी सांगेल तसं, दबक्या आवाजात सांगितलं,

"हळू धाव गं, मूग. खाली काकू झोपल्यात."